पेडणेकर काकांचा जड बाण

पेडणेकर काका घरी येणार असले की आमची आई टीपॉय आवरून ठेवायची. आवरायची म्हणजे त्यावर लांबट असं काही शिल्लक ठेवायची नाही. पेन, रिमोट, चमचा, बाबांच्या चष्म्याची केस, हाताला लागेल ते काका उचलायचे, आडवं करून पहिल्या बोटावर ठेवायचे आणि ते पडणार नाही अशी जागा सापडेपर्यंत इकडेतिकडे सरकवत राहायचे. तोंडाने गप्पा चालूच. एकदा जेवताना त्यांनी आमटीचा डाव असाच तोलला. डाव रिकामा नव्हता. सोफ्याच्या हातावरचा तो डाग, आम्ही अल हैलला राहायला गेलो तेव्हा आमच्याबरोबर तिकडेही आला.

जागा सापडली की काका गंभीरपणे निकाल द्यायचे, "तोल मध्याच्या मागे आहे. उडणार नाही." रिमोट उडावा अशी आमच्या घरात कोणाचीच अपेक्षा नव्हती.

त्याआधी आम्ही मस्कतमध्येच वादी अदाईला एकाच इमारतीत राहायचो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि पेडणेकर बरोबर आमच्या डोक्यावर. काका मूळचे वेंगुर्ल्याचे. एसीच्या एका कंपनीत होते. मोठ्या इमारतीत थंड हवा सगळ्या खोल्यांना सारखी पोचते की नाही हे तपासायचं, कुठे जास्त असेल तर तिथली कमी करून दुसरीकडे वळवायची, हे त्यांचं काम. त्यामुळे कुठेही गेले तरी आधी छतातल्या जाळीखाली जाऊन ते तळहात वर करून उभे राहत. एखाद्या लग्नाच्या रिसेप्शनला ते असे उभे असले की अनोळखी लोकांना वाटायचं, आशीर्वाद देतायत. एकदा एका नवऱ्या मुलाने खरोखर वाकून नमस्कार केला. काका म्हणाले, "इथे ठीक आहे, पण स्टेजवर हवा कमी पडतेय तुम्हाला."

हा माणूस रिकाम्या वेळात हरणाच्या शिकारीचे बाण बनवायचा.

काकांनी कधी शिकार केली नव्हती. इथे ओमानमध्ये हरणाच्या शिकारीला बंदी आहे, आपल्याकडेही आहे, आणि काकांना दोन्ही बंद्या पसंत होत्या. मासळीबाजारात सुरमई कापून होईपर्यंत ते पाठ फिरवून उभे राहायचे. मग हे बाण आले कुठून? तर कधीतरी त्यांनी परदेशातल्या शिकारीचा एक व्हिडिओ पाहिला. झाडावर मचाण बांधून बसलेल्या माणसाने बाण सोडला आणि तो हरणाच्या पाठीवरून निघून गेला. काकांना हरणाबद्दल काही वाटलं नाही आणि त्या माणसाबद्दलही नाही. बाणाचं वजन चुकीच्या जागी होतं, हे त्यांना पडद्यावर स्पष्ट दिसलं आणि झोप लागेना. कुठल्यातरी खोलीत हवा कमी पडतेय हे कळल्यासारखं झालं असणार.

तेव्हापासून त्यांच्या बाल्कनीत एक बाक आला. बाकावर नळी घट्ट पकडायचा शेगडा, कार्बनच्या नळ्या, पितळेची टोकं, टर्कीची पिसं, गोंदाच्या ट्यूब. काकूंचा स्वयंपाकघरातला वजनकाटाही हळूहळू तिकडेच राहायला गेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण बाल्कनीत डोकावून एकच प्रश्न विचारायचा, "पण काका, हरीण कुठाय?"

काका वाहतूक थांबवावी तसा हात करायचे. "हरीण हा पुढचा प्रश्न. आधी बाण."

मला हे सगळं इतकं माहीत असण्याचं कारण म्हणजे मी बोलत नाही. शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी बोलणं इंग्रजी, आणि मराठीत वाक्य मनात जुळवेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. माझ्यासारख्या मुलीचा काकांना फार उपयोग होता. आई शिऱ्याची वाटी देऊन मला वर पाठवायची आणि मी तासाभराने रिकामी वाटी घेऊन खाली यायचे.

"हे बघ," काका म्हणायचे, "दोरी सुटल्याचा आवाज बाणाच्या आधी हरणाला ऐकू जातो. हलका बाण वेगात जातो, कबूल. पण तो धनुष्याची सगळी ताकद घेत नाही. उरलेली काय करते? खडखडते. हरीण दचकून खाली दबतं आणि बाण वरून जातो. जड बाण सगळी ताकद पोटात घेतो. धनुष्य गप्प. आणि लागला की थांबत नाही, आत जातो. अर्धवट लागणं वाईट. अर्धवट लावायचा असेल तर मारूच नये."

"हो," मी.

"आता तोल. वजन कुठे पाहिजे? पुढे, टोकाकडे. मग शेपूट मुकाट्याने मागून येतं. वजन मागे असलं की शेपटाला पुढे यायची घाई होते. मग बाण वळवळतो. पण म्हणून टोक वाटेल तेवढं जड करायचं नाही. मग दांडी लवते. सगळं प्रमाणात."

एकदा मी धीर करून विचारलं, "मग सगळे जड बाण का नाही वापरत?"

काका खूश झाले. मी प्रश्न विचारला म्हणून की प्रश्न चांगला होता म्हणून, ते कळलं नाही. "कारण तो लवकर खाली येतो. जड बाण वापरायचा तर जवळ जावं लागतं. लोकांना जवळ जायचं नसतं." असं म्हणून त्यांनी वाटीतला शेवटचा घास खाल्ला. मी वाटी घेऊन गुपचूप जिना उतरले.

बाणांचा हा नियम काका माणसांनाही लावायचे. मराठी मंडळात कोणी भाषणाला उभं राहिलं की काका बाबांच्या कानात सांगायचे, "मागून जड आहे, आता वळवळेल." आणि वक्ता खरंच भरकटायचा. हे मजेचं होतं, ते प्रकरण आमच्या घरात येईपर्यंत.

मला बघायला एक मुलगा आला होता. आईवडिलांचं इब्रीला दुकान, मुलगा दुबईला. काका त्या वेळी आमची एक वाटी परत करायला आले होते आणि गेले नाहीत. मुलगा बोलत होता, मी ट्रेकडे बघत होते आणि काका रिमोट तोलत होते. पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, "कसा वाटला हो?"

"मुलगा वाईट नाही. पण वजन मागे आहे."

"मागे म्हणजे?"

"त्याचं प्रत्येक वाक्य साधं सुरू होतं. मस्कत किती स्वच्छ आहे. विमान किती उशिरा आलं. आणि संपताना तो स्वतः येतो. अशांच्या शेपटाला पुढे यायची घाई असते."

आईने त्यांच्या बोटावरचा रिमोट काढून घेतला. आठवड्याने तिकडूनच नकार आला, मुलगी बोलत नाही म्हणून. आई दोन्हीकडून चिडली. काका म्हणाले, "बोलेल. पुढून जड आहे ती. सुटायला वेळ लागतो एवढंच." माझ्याबद्दल एवढं बरं तोवर कोणी म्हटलं नव्हतं. ते बाणाबद्दल होतं हे मी सोडून दिलं.

'जरा घराबाहेर पड' हा आईचा हट्ट आणि 'कोणाशी बोलावं लागणार नाही' ही माझी अट, यांच्यात बसणारा खेळ धनुर्विद्या निघाला. अल हैलच्या पुढे, बरकाच्या बाजूला अबू सालिम नावाच्या गृहस्थांची खजुराची बाग आहे. बागेच्या एका कडेला त्यांनी हौसेने नेमबाजीची जागा केली होती. हिवाळ्यात दर शनिवारी तिथे ओमानी, मल्याळी, फिलिपिनो आणि आम्ही दोन-तीन मराठी घरं जमायचो. आणि तिथे एक हरीण होतं.

फोमचं. खऱ्याएवढं, तपकिरी, मान वळवून मागे बघणारं. पुढच्या पायामागे बरगडीवर एक वर्तुळ कोरलेलं, म्हणजे काळजाची जागा. काका त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचे ती पाहून पेडणेकर काकूंनी त्याचं नाव 'सवत' ठेवलं होतं. इक्बालशेट परकार लांबून ओरडायचे, "या भाभी, सवत वाट बघतेय!"

इक्बालशेट रत्नागिरीचे, रुवीत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. काकांचे सगळ्यात जवळचे मित्र आणि हलक्या बाणाचे कट्टर. त्यांचे बाण पेन्सिलीसारखे बारीक, सोडले की दिसायचेच नाहीत. दोघांचा वाद खजूर आणि कहवा संपेपर्यंत चालायचा.

"पेडणेकर, तुझा बाण आहे का पहार? एखादी विहीर खणून होईल त्याने."

"आणि तुझी काडी. दात कोरायला बरी."

"अरे, पोचते तरी माझी काडी! तुझ्या बाणाला व्हिसा घेऊन जावं लागतं."

काकू या वादात नसत. काकू लहानखुऱ्या, चटपटीत आणि कायम थर्मास बाळगून असत. चटईवर बसून सगळ्यांना चहा द्यायच्या. पण त्यांच्याकडे आणखी एक काम होतं. बाण हवेतून कसा जातो हे मारणाऱ्याला दिसत नाही, त्यासाठी बाजूला उभं राहावं लागतं. म्हणून नवा बाण झाला की काका बाजूला उभे राहायचे आणि मारायचं काम काकूंचं. बागेच्या टोकाला भुश्शाचं एक पोतं टांगलेलं होतं. काकू थर्मास खाली ठेवायच्या, ओढणी कमरेला खोचायच्या, काकांचं ते जाडजूड धनुष्य कणीक तिंबावी तितक्या सहज ओढायच्या, बाण सोडायच्या आणि कुठे लागला ते न बघता पुन्हा थर्मास उचलायच्या. काका बाणाकडे बघत, बाकीचे काकांकडे बघून हसत. काकूंकडे कोणी बघत नसे. मला बोलायचं नसलं की मी बघते, म्हणून मी बघत होते. पोत्यावर खडूची फुली असायची आणि बाण त्या फुलीत असायचा.

काकूंचं दुःख वेगळंच होतं. बाल्कनी.

"ह्या देशात उनाक काय तोटो आसा?" त्या काकांशी मालवणीतच भांडायच्या. "आणि माझे पापड पंख्याखाली सुकतत!"

गच्चीला वॉचमनचं कुलूप. घरात ऊन येणारी एकच जागा, तिथे बाक. त्यात त्या उन्हाळ्यात काका निवृत्त होणार होते. इतकी वर्षं मस्कतला काढली, जाताना माहेरच्यांना निदान इथल्या उन्हात वाळलेले पोह्याचे पापड न्यावेत, एवढी काकूंची इच्छा होती. कोकणात पापड नेणं म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला गेलं नाही.

काकांचाही तो इथला शेवटचा हिवाळा होता. तोवर त्यांचा जड बाण फक्त पोत्यावर सिद्ध झाला होता. लोकांसमोर, हरणावर, कधीच नाही. एका शनिवारी इक्बालशेटांनी पुन्हा पहारेची थट्टा काढली आणि काका म्हणाले, "होऊन जाऊ दे. मोसमाच्या शेवटच्या मॅचला. तुझी काडी आणि माझा बाण. काय लावतोस बोल!"

"तू बोल ना. तुझ्याकडे आहे काय लावायला?"

चटईवरून आवाज आला, "बाल्कनी."

सगळे वळले. काकू कपात चहा ओतत होत्या. "हरले तर बाक निघेल. जिंकले तर मी बाल्कनी हा शब्द पुन्हा तोंडातून काढणार नाही. सगळ्यांसमोर सांगते."

काका तेवढ्या लोकांसमोर नाही म्हणू शकले नाहीत. अबू सालिम हिंदी-अरबी मिसळून म्हणाले, "खलास! बाल्कनी फायनल."

त्यानंतर काका बिघडले. आयुष्यभर 'सगळं प्रमाणात' म्हणणारा माणूस रात्रंदिवस बाणाचं टोक जड करत सुटला. पितळ पुरेना म्हणून वेंगुर्ल्याहून आणलेल्या मासेमारीच्या जाळ्याचं शिसं काढून टोकात भरलं. एक बाण पोत्याच्या निम्म्या वाटेवरच खाली वळला आणि चटईवरच्या साबुदाणा वड्यांच्या डब्यात उभा राहिला. काकूंनी तो वड्यासकट उपसून परत दिला. "ह्यो घेवा. शिजलो हा."

आणखी एक गोष्ट झाली होती, पण ती काका कोणाला सांगत नव्हते. हल्ली एसीच्या जाळीखाली उभे राहिले की ते उजव्याऐवजी डावा हात वर करायचे. केसांवरून कंगवाही डाव्या हाताने फिरवायचे. मला ते दिसत होतं. काकूंनाही दिसत असणार, कारण त्यांनी थर्मास काकांच्या डाव्या बाजूला ठेवायला सुरुवात केली होती.

मॅचच्या दिवशी आमचे खेळ आधी आटोपले. मग अबू सालिमनी सवतीला बागेच्या मोकळ्या बाजूला नेऊन उभं केलं आणि नियम सांगितला. तीन-तीन बाण. ज्याचा एक तरी वर्तुळात तो जिंकला. दोघांचे लागले तर ज्याचा जास्त आत गेला तो. तेवढ्यात समुद्राकडून वारा सुटला, खजुराच्या झावळ्या सळसळू लागल्या आणि काकांचा चेहरा उजळला. वारा हलक्या बाणाचा शत्रू.

इक्बालशेटांचा पहिला बाण वाऱ्याने नेला तो दिसलाच नाही. दुसरा मानेत लागला. तिसऱ्याच्या वेळी ते वारा पडायची वाट बघत थांबले, आणि तो गेला थेट वर्तुळात. अगदी कडेला आणि जेमतेम टोकापुरता रुतलेला. केकवरच्या मेणबत्तीसारखा हलत होता, पण वर्तुळात होता. टाळ्या पडल्या.

काका उभे राहिले. धनुष्य उचललं, ओढलं, आणि निम्म्यावर त्यांच्या तोंडावरचे सगळे भाव निघून गेले. बाण सुटला नाही, निसटला. सवतीच्या पुढच्या दोन पायांमध्ये वाळूत जाऊन पडला. धनुष्य खाली आणि काका डाव्या हाताने उजवा खांदा धरून उभे.

सगळ्यात आधी इक्बालशेट धावले. "काय झालं रे? बस. बस आधी. पाणी आणा!"

"काही नाही. खांदा जरा."

"जरा? हात वर करून दाखव."

काकांनी हात वर केला नाही. अबू सालिम म्हणाले, "बस, पेडणेकर. खलास. तुम आराम करो."

"दोन बाण आहेत माझे," काका म्हणाले. इतक्या हळू आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"आहेत ना," इक्बालशेट म्हणाले. "तू बनवलेत, मारू दे दुसऱ्या कोणाला. मला चालेल."

काकांनी माझ्याकडे बघितलं.  पण त्यांचं धनुष्य मला निम्म्यापर्यंतच ओढता यायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांची नजर माझ्यावरून पुढे सरकली आणि थर्मासवर थांबली.

इक्बालशेटांना हसू आवरेना. "भाभी? अरे, भाभी मारणार? पेडणेकर, बाल्कनी गेली रे तुझी!"

"मी कित्याक मारू?" काकू म्हणाल्या. "माका बाल्कनी होयी."

 काका खांदा धरून उभेच राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग थर्मासचं झाकण घट्ट लावलं, तो खाली ठेवला आणि ओढणी खोचली.

त्यांचा पहिला बाण, काकांनी हातात दिलेला तो सगळ्यात नवा, सुटल्या सुटल्या माशासारखा वळवळला आणि सवतीच्या ढुंगणात बसला. बागेत हशा पिकला. बाबाही हसले. काकूंनाही हसू फुटलं असावं, पण तेवढ्यात काका म्हणाले, "मुद्दाम मारलंस."

हसणं थांबलं.

"मुद्दाम?" काकू वळल्या. "तुम्ही तेच्या तोंडात एवढा शिसा कोंबल्यात, तो सरळ कसो जातलो? दांडी लवता ती दिसाक नाय? बाजूक उभे रवून काय बघतास मग?"

 काकू तरातरा त्यांच्या भात्याकडे गेल्या. एक बाण उपसला, आडवा करून पहिल्या बोटावर ठेवला. "ह्यो नको." दुसरा ठेवला. "ह्योय नको." आपण काय करतोय याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. काका मात्र त्या बोटाकडे बघत राहिले होते. अगदी तळाशी एक जुना बाण होता, पिसांचा रंग उडालेला, शिसं येण्याआधीचा. तो काकूंच्या बोटावर क्षणभर डोलला आणि थांबला. मध्याच्या जरा पुढे.

"ह्यो," काकू म्हणाल्या.

वारा होताच. त्या थांबल्या नाहीत. धनुष्य ओढलं आणि सोडलं. दोरीचा आवाज आलाच नाही. पलीकडून फक्त थप्प असं ऐकू आलं, उशी आपटावी तसं. बाण वर्तुळात होता. म्हणजे बाहेर राहिलेली पिसं वर्तुळात होती, बाकी सगळा आत. सवत त्या धक्क्याने हळूहळू कलली आणि मागे बघत बघतच आडवी झाली.

अबू सालिम आणि इक्बालशेट, दोघांनी तिच्या पोटावर पाय देऊन बाण ओढला. निघेना. "भाभी!" इक्बालशेट तिथून ओरडले, "सवत गेली तुमची!"

काकू तोवर चटईवर येऊन थर्मास उघडत होत्या. झाकण हातात राहिलं. मी शेजारीच होते, म्हणून मला नेमका तो क्षण दिसला. आपण काय करून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं तो.

काकांना गाडी चालवता येईना म्हणून ते दोघं आमच्या गाडीतून आले. मागच्या सीटवर मी मध्ये. 

"जड बाण..." काकांनी सुरुवात केली.

"तोंडातून शब्द काढू नकात," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "जिंकल्यात मा? आता बसा बाल्कनीत जल्मभर."

"बाल्कनीचं नाही म्हणत. तू तोच बाण का घेतलास?"

"हाताक बरो लागलो."

 वादी अदाईला उतरताना काकांनी खिशातून पेन काढलं, पण तोलायला उजवा हात उचलेना. काकूंनी पेन घेऊन आपल्या पर्समध्ये टाकलं.

थर्मास आमच्या गाडीतच राहिला होता. काही दिवसांनी मी तो द्यायला गेले. दार काकांनी उघडलं. हात गळ्यात बांधलेला. आत पाऊल टाकलं आणि अडखळले. बाक हॉलमध्ये होता, सोफा आणि टीव्ही यांच्या मधोमध. सोफ्यावर बसायला कार्बनच्या नळ्या ओलांडून जावं लागत होतं.

"बघ, बघ," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "माझा हॉल गेला. रात्री गोंदाचा वास. मी बाल्कनी हा शब्द काढला नव्हता हो, शपथेवर सांगते. ह्यांनीच हमालासारखा एका हाताने ओढत आणला."

"तिथे ऊन फार लागायचं," काका म्हणाले. एवढंच.

मी बाल्कनीत गेले. जमिनीभर पांढरी साडी पसरलेली आणि तिच्यावर पापड, एकमेकांना न चिकटता, ओळीत. बाहेर चांगलाच वारा होता. साडी मधून फुगत होती, पण कडा हलत नव्हत्या. चारी बाजूंनी तिच्यावर काकांचे ते शिसं भरलेले बाण आडवे ठेवले होते.

"इक्बालचे ठेवले असते तर पापडांसकट रुवीला गेले असते," काका माझ्या मागून म्हणाले.

उन्हाळ्यात ते वेंगुर्ल्याला गेले. मी विमानतळावर गेले नाही. निरोप देताना काय बोलायचं हे मला कुठल्याच भाषेत जमत नाही. त्यामुळे काकांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच, निघताना वळून. थर्मास दिला होता, वाटी घेतली होती, दार ओढत होते. काका बाल्कनीत पापडांच्या मधोमध जागा शोधून उभे होते. डावा तळहात खाली केलेला, एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सावकाश फिरवत. सगळ्यांना हवा सारखी लागते का ते बघत होते.

"सावली पडता!" आतून काकू ओरडल्या. "बाजूक व्हा!"

काका बाजूला झाले.